चुबाका खरंच गेला की नाही? मुलीला काय सांगू?

रावपुरेकर (शनिवार, रात्री ९.४०)

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली काढली. वरच 'व्हेक्टर प्राइम' होतं, पानं पिवळी पडलेली, पाठ सुटलेली. मुलगी बारा वर्षांची आहे. मे महिन्यात तिने माझ्याबरोबर स्टार वॉर्सचे सगळे सिनेमे पाहिले, तेव्हापासून हानचा केसाळ जोडीदार चुबाका तिचा जीव की प्राण. पुस्तक उचललं, खोलीत गेली आणि आठवडाभर त्यातच होती. आज जेवता जेवता म्हणाली, "बाबा, यात चुबाका मरतो. मग सिनेमात हान म्हातारा झाल्यावरही त्याच्या शेजारी बसलेला कोण?"

मी सांगायला लागलो, की हे पुस्तक १९९९ चं, मग २०१४ मध्ये कंपनीने ठरवलं की... तिने मधेच विचारलं, "म्हणजे हे खोटं आहे?" मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर. ए. साल्वातोरेची कादंबरी. युझान वाँग नावाचे परके हल्लेखोर सर्नपिडाल ग्रहावर त्याचाच चंद्र पाडतात. पळापळीत चुबाका हानच्या धाकट्या मुलाला, अनाकिनला, उचलून हानच्या यानावर, फाल्कनवर, पोचवतो आणि स्वतः खाली राहतो. चंद्र येऊन टेकायच्या बेतात असतो. फाल्कन अनाकिनच्या हातात. चुबाकासाठी थांबलं तर सगळेच जाणार, म्हणून तो पोरगा यान वर घेतो. हान त्याला त्यासाठी फार दिवस माफ करू शकत नाही.

हे खोटं होतं असं लेकीला कसं सांगू? तुम्ही काय सांगितलं असतं? कथा कोणाची धरायची, मालकाची की वाचणाऱ्याची?

नेहा_फतेगंज (रात्री ९.५२)

बाराव्या वर्षी हे पुस्तक संपवलं? आधी तिला माझ्याकडून शाबासकी द्या. उत्तर सविस्तर लिहिते, पोळ्या व्हायच्यात.

कोड_नऊ (रात्री १०.०५)

अधिकृत उत्तर सोपं आहे. २५ एप्रिल २०१४ ला स्टार वॉर्सच्या मालक कंपनीने, लुकासफिल्मने, जाहीर केलं, की तोवरचे सहा सिनेमे आणि 'क्लोन वॉर्स' ही ॲनिमेशन मालिका एवढंच प्रमाण. त्यापुढे जे येईल ते सिनेमा असो, मालिका असो की पुस्तक, एकाच दर्जाचं. आधीच्या जवळजवळ सगळ्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स 'लेजंड्स' या नावाखाली वेगळ्या काढल्या. 'व्हेक्टर प्राइम' त्यात गेली. म्हणून चुबाका जिवंत.

आणि हे त्यांना करावंच लागलं. डिस्नेने २०१२ मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरला कंपनी घेतली ती नवे सिनेमे काढायला. त्या कादंबऱ्या खऱ्या धरल्या असत्या तर पहिल्याच सिनेमात प्रेक्षकाला हानची तीन मुलं, ल्यूकची बायको, एक अख्खं परग्रहवासीयांचं युद्ध आणि चुबाकाचं मरण समजावून सांगावं लागलं असतं. ज्याने आयुष्यात फक्त तीन सिनेमे पाहिलेत त्याच्यासाठी फाल्कनमध्ये हानच्या बाजूची खुर्ची रिकामी का?

जुना_वूकी (रात्री १०.२०)

कोड, तारीख बरोबर, तर्कही पटण्यासारखा. पण "प्रमाण" हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. २०१४ च्या आधीही उतरंड होतीच. स्टार वॉर्सचा कर्ता लुकास, त्याने स्वतः केलेलं सर्वांत वर, मग टीव्ही, मग कादंबऱ्या, त्याखाली जुन्या किरकोळ गोष्टी. कादंबरीवाल्या आम्हाला आपली जागा माहीत होती. पण तिसऱ्या पायरीवर का होईना, आम्ही त्याच जिन्यावर होतो. २०१४ मध्ये आम्हाला जिन्यावरून उतरवून अंगणात बसवलं.

आणि सर्वांत वरची पायरी तरी कुठे पक्की होती? १९७७ च्या सिनेमात हान टेबलाखालून गोळी झाडून त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला मारतो. १९९७ च्या आवृत्तीत ग्रीडो आधी झाडतो. २००४ मध्ये दोघं जवळजवळ एकदमच. २०१९ मध्ये त्याच प्रसंगात ग्रीडोच्या तोंडी एक नवाच शब्द आला. एकाच माणसाने एकाच माणसाला चार तऱ्हांनी मारलं. मालकालाच आपलं वाक्य आठवेना, तर मी माझं का विसरू?

पतंगवाला (रात्री १०.३१)

ग्रीडो चारही वेळा मेला हे मात्र कोणी बदललं नाही. बिचारा.

अवकाशवेडी (रात्री १०.४८)

माझा राग वेगळा आहे. या जगात आता कोणी मेलं असं धरताच येत नाही. डार्थ मॉल १९९९ मध्ये कमरेतून दोन तुकडे होऊन खड्ड्यात पडला, २०१२ मध्ये 'क्लोन वॉर्स'मध्ये परत. बोबा फेट १९८३ मध्ये सार्लाकच्या पोटात गेला, २०२० मध्ये 'मँडलोरियन'मध्ये परत. सम्राट पाल्पटीनला त्याच १९८३ मध्ये वेडरने खाली फेकला, २०१९ मध्ये तोही परत!

आणि त्याच २०१९ च्या सिनेमात आपल्या चुबाकाचं काय केलं आठवा. नायिका रे हिच्या हातून वीज निघते, यान फुटतं, त्यात चुबाका होता असं सगळ्यांना वाटतं. मी अलकापुरीत पाहिला होता. थेटर सुन्न. माझ्या पुढच्या रांगेतला एक लहान मुलगा आईच्या कुशीत तोंड खुपसून हुंदके देत होता. आणि काही मिनिटांत कळतं, तो दुसऱ्याच यानात होता. त्या पोराचे अश्रू सुकलेही नव्हते. मला तो फसवणुकीचा प्रकार वाटला, आजही वाटतो.

'व्हेक्टर प्राइम'ने निदान मरण मरणासारखं ठेवलं. पुढची कितीतरी पुस्तकं हान सावरत नाही.

पतंगवाला (रात्री १०.५५)

उत्तरायणला बघा, पतंग कापला, सगळी पोळ, म्हणजे अख्खी गल्ली, "काप्यो छे" ओरडली, थाळ्या वाजल्या, आणि दहा मिनिटांनी तोच पतंग त्याच गच्चीवरून परत वर. मग पुढच्या वेळी ओरडायला घशात जोर कुठून आणायचा?

अवकाशवेडी (रात्री १०.५७)

हेच! अगदी हेच.

कोड_नऊ (रात्री ११.१०)

पण मॉलचं परत येणं वाईट होतं का? २०१७ मध्ये 'रेबेल्स' या मालिकेत टॅटुइनच्या वाळवंटात त्याचा जुना वैरी ओबीवान आणि तो समोरासमोर येतात. दोन-तीन वार, संपलं. ओबीवान त्याला हातात धरून बसतो. १९९९ च्या त्या मरणापेक्षा हे मरण कितीतरी मोठं. तो परत आला नसता तर हे मिळालं नसतं. परत आणणं हा दोष नाही, परत आणून काही न करणं हा दोष.

अवकाशवेडी (रात्री ११.१४)

मॉलपुरतं मान्य. पाल्पटीनबद्दल नाही.

नेहा_फतेगंज (रात्री ११.४०)

पोळ्या झाल्या, ओटा पुसून झाला, आता लिहिते.

तुम्ही सगळे चुबाकासाठी भांडताय, त्याचं तर भलंच झालं की! तो मेला होता, जिवंत झाला. मला मारा जेडसाठी भांडायचंय. १९९१ मध्ये टिमथी झानच्या कादंबरीत ती आली. सम्राटाची हस्तक, ल्यूकला मारायला निघालेली. पुढे त्याची सहकारी, मग बायको, मग एका मुलाची आई. कॉलेजात असताना स्टार वॉर्समध्ये लेयाखेरीज मला जिच्यासारखं व्हावंसं वाटलं ती ही एकटी. २००७ च्या पुस्तकात हानचाच मोठा मुलगा जेसन तिला विष घालून मारतो. मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते.

आणि २०१४ नंतर ती मेलेली नाही. ती झालीच नाही. झानचाच खलनायक थ्रॉन, त्याच पुस्तकातला, २०१६ मध्ये 'रेबेल्स'मध्ये सन्मानाने परत घेतला, २०२३ मध्ये 'असोका'त माणसाच्या रूपात पडद्यावर आणला. मारा नाही. मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावता येतो. जन्मच झाला नाही त्याचं काय लावायचं?

रावपुरेकर, मुलीला हेही सांगा. नुसतं मरण पुसलं गेलं नाही, माणसं पुसली गेली. ज्याने फाल्कन वर घेतलं तो अनाकिनसुद्धा.

जुना_वूकी (रात्री ११.५२)

नेहाताई, यावर बोलायला शब्द नाहीत. उद्या लिहितो.

पाठभेद (रविवार, सकाळी ८.१५)

रात्रीचा सगळा धागा सकाळच्या चहाबरोबर वाचला. मी स्टार वॉर्सवाला नाही, सिनेमे मुलांबरोबर पाहिलेत तेवढेच. पण तुम्ही जे भांडताय ते भांडण याच गावात, आपल्या प्राच्यविद्या मंदिरात, काही लोकांनी पंचवीस वर्षं केलं आणि त्यावर पगार घेतला.

वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती बडोद्यातून निघाली हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? काम १९५१ मध्ये सुरू झालं. गो. ह. भट्टांनी संपादलेलं बालकांड १९६० मध्ये छापलं गेलं, उमाकांत शाहांचं उत्तरकांड १९७५ मध्ये. सात कांडं, सात खंड. देशभरातून हस्तलिखितं गोळा करायची, काश्मीरची, बंगालची, मल्याळी लिपीतली, आणि श्लोक न् श्लोक एकमेकांसमोर ठेवून ठरवायचं, सर्वांत जुना पाठ कोणता. पुण्याला भांडारकर संस्थेत महाभारताचं हेच काम १९१९ ते १९६६ चाललं.

आता मुद्दा. जो श्लोक मूळ नाही असं ठरलं, तो त्यांनी फेकला नाही. तळटीपेत ठेवला. मोठा भाग असेल तर परिशिष्टात. गणपती महाभारत लिहून घ्यायला बसतो ती गोष्ट पुण्याच्या आवृत्तीत परिशिष्टात आहे. म्हणून कोणी गणपतीच्या हातातली लेखणी काढून घेतली का?

तुमचं 'लेजंड्स' म्हणजे परिशिष्ट. मुलीला सांगा, हे खोटं नाही, हे परिशिष्ट आहे. पुस्तकं अजून छापली जातात ना?

कोड_नऊ (सकाळी ८.४०)

छापली जातात, वर लेजंड्सची पट्टी असते. परिशिष्ट! हा शब्द मी आता कायम वापरणार.

जुना_वूकी (सकाळी ९.०५)

पाठभेद, नमस्कार. एम. ए. ला असताना तिथल्या पायऱ्या मीही चढलोय, त्यामुळे वाचताना आनंद झाला. पण तुलना मला अर्धीच पटते.

तिथला संपादक विचारत होता, जुनं काय? त्याला स्वतःला काही सुचवायचं नव्हतं. आवडता श्लोकसुद्धा पुरावा नसेल तर त्याला खाली टाकावा लागे. कंपनी विचारत होती, सोयीचं काय? 'व्हेक्टर प्राइम' १९९९ चं, चुबाका म्हातारपणी हानबरोबर हिंडतो तो सिनेमा २०१५ चा. जुनं कोणतं? तुमच्या नियमाने गेलो तर सिनेमाच क्षेपक ठरतो!

पाठभेद (सकाळी ९.२०)

हे मला सुचलं नव्हतं. बरोबर बोलताय. तुलना प्रतींची आहे, हेतूची नाही.

दांडियाबाजारच्या_आजी (सकाळी १०.३०)

नातवाने हा धागा दाखवला आणि टाइप करून देतोय. मला तुमचा केसाळ गडी माहीत आहे, नातवाच्या टी-शर्टवर आहे.

अरे बाळांनो, नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत कोणी कोणी आपल्या ओव्या त्यात घुसडल्या होत्या. त्या काढल्या आणि शेवटी बजावून ठेवलं, की यापुढे जो आपली ओवी यात घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. माझे वडील कीर्तन करत, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

पण तेच वडील सीताहरण लावायचे तेव्हा लक्ष्मणरेषा यायचीच. वाल्मीकींत लक्ष्मणरेषा नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "बाळे, समोर बसलेल्या बायका रेषेची वाट बघत असतात. ती मी ओढली नाही तर त्या मनात ओढतात." तुमच्या त्या गड्याच्या मरणाचंही तसंच. ज्यांनी वाट बघितली, ज्यांनी रडून घेतलं, त्यांच्या मनात ते ओढलं गेलंय. आता कोण पुसणार?

नेहा_फतेगंज (सकाळी १०.४१)

आजी 🙏 नातवाला सांगा, हे जपून ठेव.

जुना_वूकी (सकाळी १०.५०)

आजींना नमस्कार. एक फरक मात्र राहून जातो. नाथांनी परक्या ओव्या काढल्या, त्या जागी स्वतःच्या नाही घातल्या. आपण काय केलं तेवढं शेवटी नोंदवलं. कंपनीने जेसन काढला आणि त्या जागी बेन घातला. दोन्हीकडे हानचाच मुलगा अंधारात जातो. एकीकडे मामीला, माराला, मारतो, दुसरीकडे बापाला. गोष्टीचं हाड तेच. मग आमचा जेसन परका कसा?

बाजवाड्याचा_बंड्या (सकाळी ११.१२)

धागा वाचून भूक लागली. लेहरीपुऱ्याकडे सेवउसळ खायला कोणी येतंय का? तर्री जास्त. 😀

पतंगवाला (सकाळी ११.१५)

मी येतो. पण सेवउसळ मूळची आपली मराठ्यांची की गुजरात्यांची, यावर वेगळा धागा काढ. इथे नको, रात्र होईल.

कोड_नऊ (सकाळी ११.३०)

मूळ प्रश्नाकडे येतो. हे असं आधीही झालंय. शेरलॉक होम्सला डॉइलने १८९३ मध्ये धबधब्यात ढकललं आणि १९०३ मध्ये वाचकांच्या आग्रहाने परत आणलं. 'स्टार ट्रेक'चा स्पॉक १९८२ मध्ये गेला, १९८४ मध्ये परत. लोकांनी दोन्ही स्वीकारलं, कारण गोष्टीने परत येण्याची किंमत मोजली. स्पॉकसाठी कर्कला स्वतःचा मुलगा आणि यान गमवावं लागलं. चुबाकाच्या बाबतीत किंमत कोणी मोजली नाही, एका घोषणेने काम झालं. काल मी कंपनीची बाजू घेतली, आजही घेतो, त्यांना दुसरा मार्ग नव्हता. पण अवकाशवेडी आणि नेहा कशाने दुखावल्यात ते मला आज जास्त कळलं.

रावपुरेकर (रविवार, रात्री ९.१०)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. संध्याकाळी मुलीला घेऊन सुरसागरला चक्कर मारली आणि बोललो. काय बोललो ते लिहितो, कारण निम्मं तुमचंच होतं.

परिशिष्टाचं सांगितलं. तिला आवडलं, पण समाधान झालं नाही. म्हणाली, "परिशिष्ट परीक्षेला नसतं." मारा जेडचं सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प होती.

मग मी तिला ते पुस्तक आमच्या घरी कसं वाचलं गेलं ते सांगितलं. हे तिला कधी सांगितलं नव्हतं. २००१ च्या जानेवारीत भुजचा भूकंप झाला. बडोद्यातही घर चांगलंच हललं. घरातल्या सगळ्यांना इतकी धास्ती, की उन्हाळाभर आम्ही गच्चीवरच झोपत होतो. ते पुस्तक मी मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेलं. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं आणि झोपही येत नव्हती. रोज रात्री मी एक-एक प्रकरण त्यांना मराठीत सांगायचो. त्यांचा सगळा जीव चुबाकावर. त्याला ते "आपला केसाळ बाजीप्रभू" म्हणायचे. चंद्र कोसळायचं प्रकरण आलं त्या रात्री मी सांगताना अडखळलो. वर खरा चंद्र होता आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. सांगून झाल्यावर आजोबा म्हणाले, "माणूस मोठा होता हो." मी म्हटलं, आजोबा, माणूस नाही, वूकी. म्हणाले, "तेच ते." दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर त्यांनी देवापाशी एक पणती जास्त लावली होती.

मुलीने विचारलं, "पणजोबांना नंतर कळलं का, की तो जिवंत आहे?"

आजोबा २००९ मध्ये गेले.

ती म्हणाली, "मग पणजोबांचा चुबाका गेलेलाच आहे. तो परत नाही आणायचा." आणि मला विचारलं, पुढचं पुस्तक कुठे आहे.

अवकाशवेडी (रात्री ९.१८)

रावपुरेकर... काय लिहू. थँक यू.

दांडियाबाजारच्या_आजी (रात्री ९.३०)

पोरगी गुणाची आहे. तिला घेऊन या घरी. नातवाचा टी-शर्ट दाखवते.

रावपुरेकर (रात्री ९.३४)

नक्की येतो आजी. भाऊबीज झाली की.

आता खरी अडचण. त्या मालिकेत एकोणीस पुस्तकं आहेत आणि माझ्या पेटीत ते एकच. कोणाकडे पुढची आहेत का?

जुना_वूकी (रात्री ९.४०)

माझ्याकडे 'स्टार बाय स्टार' आहे, पण ते इतक्यात देऊ नका. त्यात अनाकिन जातो. ज्याला चुबाकाने वाचवलं तोच. आधी तुम्ही वाचा, मग ठरवा.

नेहा_फतेगंज (रात्री ९.४६)

माझ्याकडे 'हीरोज ट्रायल' आहे, मालिकेतलं चौथं. मधली दोन मिळाली नाहीत तरी तिला हे आधी द्या. सुरुवातीलाच सगळे कशीकवर जमतात, चुबाकाच्या घरी, त्याच्या बायको-मुलाकडे, त्याला निरोप द्यायला. हानला तिथे उभंही राहवत नाही. हे तिला वाचू दे.

बुधवारी सहा वाजता कमाटीबागेच्या मोठ्या गेटपाशी असते मी, लेकाचा स्केटिंगचा क्लास आहे. तिला घेऊन या, तिच्याच हातात देते.